एमआरपी तपासणी आली तर काय करायचं, छोट्या दुकानदारांसाठी

किराणा, डेअरी, टपरी, काहीही चालवत असा, आपण अडकतो ते बहुतेक वेळा थंड बाटलीवर. २० ची पाण्याची बाटली २२ ला, वरचे २ म्हणे फ्रीजचे. आता लाइट बिल आपण भरतो हे खरंय आणि मार्जिन किती सुटतं तेही माहितीये, पण २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज (पाकीटबंद मालाच्या) नियमांत छापील किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही, टॅक्स सगळा त्यातच धरलेला असतो. कमी घ्या, कोणी विचारणार नाही.

वजनमापे खात्याचा तपासणीवाला साहेब म्हणून येईलच असं नाही, आधी गिऱ्हाईक पाठवतात. माझ्याकडे असंच झालं, मी जेवायला गेलेलो, गल्ल्यावर पोरगा, त्याने सवयीने २ रुपये जास्त घेतले, माणूस बाटली घेऊन बाहेर पडला आणि दोन मिनिटांत आणखी एकाला घेऊन परत, हातात ओळखपत्र. पोराला मीच कधी सांगितलं नव्हतं, मग ओरडणार कोणावर? गल्ल्यावर जो कोणी बसेल त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुसरी भानगड स्टिकरची. कंपनीने रेट वाढवला म्हणून जुन्या मालावर नवा भाव चिकटवायचा नाही, जुना माल जुन्याच भावात. कमी भावाचं स्टिकर चालतं, पण त्याखाली मूळ एमआरपी झाकली जाता कामा नये. खोडलेला किंवा घासलेला भाव दिसला तर तो माल डिलिव्हरीवाल्यासमोरच परत करा, एकदा रॅकवर लागला की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. आणि बिलं जपा, माल कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पासिंग करून, म्हणजे वजनमापे खात्याकडून तपासून घ्या, सर्टिफिकेट काट्याजवळच लावा, आत कपाटात ठेवून उपयोग नाही.

साहेब आलेच तर शटर ओढू नका, हुज्जतही नको. ओळखपत्र बघा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही, जप्त केलेली पाकिटं स्वतः मोजा, आकडा जुळला तरच सही, आपलं म्हणणं काय ते त्यातच लिहायला लावा, कॉपी मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही. पावतीशिवाय कोणी रोख मागितले तर लाचलुचपतवाल्यांचा नंबर १०६४.