रिपोर्टमधला ईजीएफआर वाचायचा कसा: अँड्र्यू लेवींचे पेपर हाताशी धरून

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं की लांबलचक पीडीएफ येते, त्यात कुठेतरी ठळक अक्षरात ईजीएफआर (किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज) 57 दिसतो आणि घरच्यांचं धाबं दणाणतं. डॉक्टरांकडे जायचंच आहे, पण त्याआधी एवढं बघून घ्या.

एक तर हा आकडा लॅबने मोजलेला नसतो. लॅब मोजते फक्त रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, तो जास्त आला की ईजीएफआर कमी येतो), मग त्यात वय आणि स्त्री की पुरुष हे घालून सूत्राने ईजीएफआर काढते. ही सूत्रं मुख्यतः बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधल्या अँड्र्यू लेवींच्या टीमची. त्यामुळे आधी आकड्याखालच्या बारीक अक्षरात सूत्राचं नाव शोधा. एमडीआरडी लिहिलं असेल तर ते 1999 चं, 1628 लोकांवरून बनवलेलं, आणि ते सगळे आधीपासून किडनीचे पेशंट होते, म्हणून चांगल्या किडनीच्या माणसाला ते उगाच कमी आकडा दाखवू शकतं. सीकेडी-ईपीआय असेल तर साल बघा, 2009 की 2021. 2021 मध्ये लेस्ली इंकर, लेवी वगैरेंनी वंशाचा गुणक काढून टाकला, जुन्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा वाढवून यायचा (हे व्हायला इतकी वर्षं का लागली हा वेगळा विषय). साल लिहिलंच नसेल तर लॅबला सरळ फोन करून विचारा.

आता मोबाईलवर सीकेडी-ईपीआय 2021 चं कॅल्क्युलेटर उघडा आणि स्वतः घालून बघा. क्रिएटिनिन 1.4, वय 62, पुरुष: उत्तर 57. तेच 1.4 पण 25 वर्षांचा मुलगा: 71 च्या आसपास. तेच 1.4 आणि 62 वर्षांची बाई: 42-43. म्हणजे "काकांचं पण 1.4च होतं, त्यांना काही झालं नाही" असं म्हणून काकूंना गप्प बसवू नका.

क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. जिममध्ये अंग कमावलेल्याचं जास्त येतं, आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तरी वाढतं, आणि अगदी वाळलेल्या आजींचं कमी येतं म्हणून किडनी उत्तम असं नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने भारतीयांवर ही सूत्रं तपासली तेव्हा खऱ्या मोजणीपेक्षा आकडा जास्तच येतो असं निघालं, 2018 ला पेपर आलाय. म्हणजे आपल्याकडे "65 आहे, चालतंय" म्हणून निवांत बसण्यातही धोका आहे. शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट असते, ती स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते, डॉक्टरांना विचारा.

दुसरं म्हणजे तीन महिने. 2002 मध्ये क्रॉनिक किडनी डिसीजची व्याख्या ठरवणाऱ्या अमेरिकन गटाचे अध्यक्ष लेवीच होते आणि त्यात हे स्पष्ट आहे की ईजीएफआर 60 च्या खाली किंवा किडनीला इजा झाल्याची खूण, हे किमान तीन महिने टिकलं पाहिजे. जुलाब-उलट्या झाल्यावर किंवा पेनकिलर चालू असताना केलेल्या एका टेस्टवरून शिक्का मारायचा नाही. आणि ही इजेची खूण म्हणजे मुख्यतः लघवीतला अल्ब्युमिन (एक प्रोटीन), जो बहुतेक पॅकेजमध्ये नसतोच! वेगळी एसीआर टेस्ट (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) सांगा, सकाळची पहिली लघवी द्या, 30 च्या वर आलं तर ईजीएफआर 95 असला तरी दुर्लक्ष नको. डायबिटीस किंवा बीपी असेल तर ही टेस्ट वर्षातून एकदा हवीच.

मूळ पेपर वाचायचा असेल तर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या साइटवर लेवींचं नाव आणि साल टाका, सीकेडी-ईपीआय सूत्राचा 2009 चा, अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या जर्नलमधला सापडेल. सारांश फुकट दिसतो. निष्कर्षावर उडी मारू नका, आधी लोक कोण होते ते बघा (सूत्र 8254 जणांवर बनलं), मग "मर्यादा" हा भाग. तिथे त्यांनी स्वतःच लिहिलंय की म्हातारी माणसं आणि अल्पसंख्य वंशांचे लोक नमुन्यात कमी होते. आपल्या आजोबांचा रिपोर्ट हातात असताना ती ओळ फार कामाची आहे.

डॉक्टरांकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेने लावून न्या, पण तुलना क्रिएटिनिनची करा, कारण मधे लॅबने सूत्र बदललं असेल तर ईजीएफआर त्यामुळेही वरखाली दिसतो. आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, ईजीएफआर 30 च्या खाली गेला तर ती गोळी बंद करावी लागते.