निळ्या पाण्यातला हरवलेला नारिंगी

भाचीने अंदमानला पाण्याखाली काढलेले व्हिडिओ आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी सुधारले. सगळं निळं-हिरवं! पाणी लाल प्रकाश आधी शोषतं. पाचेक मीटरखाली तो फारसा उरत नाही. म्हणून नुसता लाल वाढवला की चित्रात दाणे येतात, ते खरखरीत दिसतं. हिरव्या चॅनेलचा, म्हणजे चित्रातल्या हिरव्या रंगाच्या थराचा, थोडा अंश लालमध्ये मिसळला, पांढऱ्या वाळूवर व्हाइट बॅलन्स धरला (वाळू पांढरीच दिसेल असे बाकीचे रंग जुळवले), तेव्हा क्लाउनफिश माशाचा नारिंगी परत आला.

शॉट निवडताना मात्र मी रंग दुय्यम मानते. कॅमेऱ्यापासून पळणाऱ्या कासवाचा शॉट स्वच्छ असूनही काढून टाकला. समुद्रपुष्पात (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात) निवांत वावरणाऱ्या क्लाउनफिशचा जरा हललेला शॉट ठेवला, त्यात त्याचं वागणं दिसतं. भाचीला म्हटलं, "झूम नको गं, त्याने मधलं गढूळ पाणी कमी होत नाही. थांब, मासा जवळ येऊ दे."