गव्हर्नरचं चरित्र लिहायला घेताय? आधी माणूस पक्का करा

‘एल्फिन्स्टनवर प्रकल्प करतोय’ असं सांगत मुलं येतात, तेव्हा मी आधी विचारते, कोणता एल्फिन्स्टन? मुंबईला या नावाचे दोन गव्हर्नर झाले. माउंटस्टुअर्ट १८१९ ते १८२७, आणि त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन १८५३ ते १८६०. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला नाव काकाचं. आजचं हॉर्निमन सर्कल म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल, ते पुतण्याचं. गफलत झाली तर सत्तावन्नचा उठाव काकाच्या खात्यावर जमा होतो.

काकावर लिहायचं असेल तर आडव्या कागदावर नेमणुकांची पट्टी काढा. १७९६ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी कलकत्ता, १८०१ ला पुण्याच्या रेसिडेन्सीत (पेशव्यांच्या दरबारातल्या कंपनीच्या वकिलाच्या, म्हणजे रेसिडेंटच्या कचेरीत) मदतनीस, १८०३ ला असईच्या लढाईत वेलस्लीसोबत, मग नागपूर, १८०८ ला काबूलच्या दरबाराकडे वकिलात, १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट. बालपण दोन ओळींत उरका.

जागा राखून ठेवा ती १८१५ ते १८१८ साठी. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. एल्फिन्स्टनने पेशव्यांचे मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर ठपका ठेवला, पेशवा दुसऱ्या बाजीरावाकडून त्यांना ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पुढच्याच वर्षी ते निसटले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली. प्रत्येक घटनेसमोर पेशव्यांच्या बाजूचा रकाना ठेवाच, नाहीतर हाती लागेल ती फक्त कंपनीची बखर.

मग एल्फिन्स्टनने काढलेला फेब्रुवारी १८१८ चा साताऱ्याचा जाहीरनामा सावकाश वाचा. वतनं, इनामं, देवस्थानं चालू राहतील, असं त्यात वचन आहे. त्याच्या गव्हर्नरकीची किल्ली मला इथे दिसते. १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या पैशातून. पेशवाई बुडवणारा आणि पाठशाळा काढणारा माणूस एकच होता. त्याचे दोन वेगळे धडे पाडू नका. त्याने मुंबई इलाख्यासाठी केलेले १८२७ चे कायदेही याच ओघात घ्या. पुढचं थोडक्यात चालेल: गव्हर्नर जनरलपद नाकारलं, १८४१ ला भारताचा इतिहास छापला, १८५९ ला वारला.

टाउन हॉलमध्ये चँट्रीने घडवलेला त्याचा पुतळा जरूर बघा, पण खरं काम काळा घोड्याला, कॉलेजच्याच इमारतीतल्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी दप्तरखान्यात. तिथे ‘एल्फिन्स्टनचे कागद द्या’ म्हणून भागत नाही. खातं आणि साल सांगावं लागतं: पोलिटिकल, रेव्हेन्यू, ज्युडिशियल. गव्हर्नरचं मिनिट, म्हणजे त्याचा लेखी अभिप्राय, सापडलं की ते कोणत्या पत्रावरचं आहे ते शोधा आणि आधी ते पत्र वाचा. खालच्या अधिकाऱ्याने काय मागितलं होतं हे कळल्याशिवाय गव्हर्नरचा निर्णय समजत नाही. आणि खंड क्रमांक, साल, पान उतरवल्याशिवाय एकही टाचण वहीत घेऊ नका.