राऊटरचा पासवर्ड हरवलाय? भोकात पिन घालण्याआधी हे करून बघा

गेल्या गणपतीत आमच्या गुहागरच्या घरी वीसेक माणसं जमली होती. मुंबईहून आलेल्या पोरांनी पिशव्या ओटीवर टेकवल्या आणि वायफायचा पासवर्ड विचारला. कुणालाच आठवेना. भाच्याने सेफ्टी पिन घेतली आणि राऊटरच्या मागच्या बारीक भोकात दाबून धरली. पासवर्ड पुसला गेला, पण त्याबरोबर नेटही गेलं. केबलवाल्याचा माणूस विसर्जनानंतर आला. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळते, त्यामुळे दुबईतल्या माझ्या भावाला त्या वर्षी घरची आरती बघता आली नाही. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक लक्षात घ्या, पासवर्ड एक नसतो, तीन असतात. पहिला वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा. तिसरा बऱ्याच कनेक्शनांत नेट देणाऱ्याने दिलेला, ज्याला पीपीपीओईचं लॉगिन म्हणतात. हा युजरनेम-पासवर्ड राऊटरच्या आत भरून ठेवलेला असतो आणि बहुतेक घरांत तो कुणी पाहिलेलाही नसतो. रिसेट केल्यावर, म्हणजे ते भोकातलं बटण दाबून राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा केल्यावर, तिन्ही जातात. पहिले दोन कसेही परत मिळवता येतात, तिसरा मात्र केबलवाल्याकडूनच मिळतो. म्हणून रिसेट सगळ्यात शेवटी.

घरातल्याच एखाद्या फोनमध्ये शोधा

फक्त वायफायचा पासवर्ड हवा असेल, तर तो बहुधा घरातच आहे. ज्या फोनला आधीपासून वायफाय लागतं तो शोधा. आईचा, काकांचा, कुणाचाही चालेल. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमधल्या वायफायमध्ये जाऊन जोडलेल्या नावावर टॅप करा आणि ‘शेअर’ दाबा. फोनचं लॉक उघडलं की क्यूआर कोड दिसतो. तो पाहुण्याने कॅमेऱ्याने स्कॅन केला की काम झालं. बऱ्याच फोनमध्ये कोडखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून वायफायच्या नावापुढच्या ‘आय’च्या खुणेत पासवर्डची ओळ आहे. तिच्यावर टॅप करून चेहरा किंवा बोट दाखवलं की तो दिसतो.

विंडोज लॅपटॉप जोडलेला असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये वायफायच्या नावावर क्लिक करा. तिथून ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’, आणि ‘शो कॅरेक्टर्स’वर खूण.

यातलं काहीच नसेल तर राऊटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर कारखान्यातून आलेलं वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो, आणि कित्येक घरांत तो कधी बदललेलाच नसतो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत स्टिकरची शाई फिकट होते. डोळ्यांनी वाचता आलं नाही तर तिरप्या उजेडात फोनने फोटो काढा आणि मोठा करून बघा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांत गफलत होते, तेव्हा दोन्ही लावून पाहा.

सेटिंगमध्ये शिरायचं असेल तर

वायफायचा पासवर्ड बदलायचा असेल तर राऊटरचं पान उघडावं लागतं. फोन वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन भलत्याच वाटेने जातो आणि पान उघडत नाही. एकही उपकरण वायफायला जोडलेलं नसेल तर लॅपटॉपला लॅनची केबल लावा. तारेने जोडताना वायफायचा पासवर्ड लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत राऊटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. आकडे इंग्रजी कीबोर्डने टाइप करा. तुमचा पत्ता वेगळा असेल तर फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ समोर, आणि आयफोनमध्ये ‘राऊटर’ समोर, तो दिसेल. लॉगिन स्टिकरवर असतं. जुन्या राऊटरला दोन्ही रकान्यांत अ‍ॅडमिन हाच शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत चालतो. नव्या राऊटरला तो पहिल्या दिवशी जोडणाऱ्यानेच ठरवलेला असतो. तो जोडणारा कोण होता ते आठवा आणि त्याला फोन करा. पाच-दहा वेळा अंदाजाने मारत बसू नका, काही राऊटर थोड्या वेळासाठी कुलूप लावतात.

मोठ्या कंपनीचं कनेक्शन असेल तर याहून सोपी वाट आहे. मायजिओ किंवा एअरटेल थँक्स अ‍ॅपमधूनच वायफायचा पासवर्ड बदलता येतो. फक्त कनेक्शन ज्या मोबाइल नंबरवर नोंदलंय तो हाताशी हवा. आपल्याकडे तो बऱ्याचदा मुंबईतल्या मुलाचा असतो, तेव्हा ओटीपी त्याच्याकडून मागून घ्या.

आता रिसेट

अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुठेच सापडला नाही तर रिसेटला पर्याय नाही. पण आधी केबलवाल्याला फोन करून पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड घ्या. व्हीलॅन आयडी (काही कनेक्शनांना राऊटरमध्ये भरावा लागणारा एक आकडा) भरावा लागतो का तेही विचारा आणि कागदावर लिहा. तो फोन उचलत नसेल तर थांबा. चतुर्थी, शिमगा किंवा मे महिन्याच्या गर्दीत हा प्रयोग मुळीच करू नका.

घरात पेटी एक आहे की दोन, हेही बघा. फायबरची बारीक तार ज्या पेटीत जाते ती ओएनटी. तिच्यात केबलवाल्याने भरलेली माहिती असते, तिला हात लावू नका. तार दुमडू नका, काढलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला अपाय करू शकतो. दुसरी पेटी आपला राऊटर, रिसेट तिलाच. सगळं एकाच पेटीत असेल तर पिन बाजूला ठेवा आणि केबलवाल्यालाच बोलवा.

राऊटर चालू ठेवूनच सिमकार्डच्या पिनेने आतलं बटण दहा ते पंधरा सेकंद दाबून धरा. दिवे एकदम लुकलुकले की सोडा, आणि दोन-तीन मिनिटं काही करू नका. या वेळात लाइट जाऊ नये म्हणून जमलं तर इन्व्हर्टरवर लावा. मग स्टिकरवरच्या पासवर्डने जोडा, पान उघडा, पीपीपीओईची माहिती भरा.

वायफायचं जुनं नाव-पासवर्ड आठवत असेल तर अक्षरन् अक्षर तेच ठेवा. टीव्ही, कॅमेरा, सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जातात, घरभर फिरावं लागत नाही. नवा पासवर्ड ठेवत असाल तर किमान आठ अक्षरं लागतातच, मी बारा-चौदा ठेवतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. बरेच राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन सिग्नल देतात. जांभ्याच्या जाड भिंतींतून २.४चा सिग्नल ५ पेक्षा बरा जातो, तेव्हा माजघरात नेट हवं असेल तर २.४ बंद करू नका.

तिन्ही पासवर्ड मी आता कायमच्या मार्करने पुठ्ठ्यावर लिहून, वरून रुंद सेलोटेप लावून लाइटबिलाच्या फाइलीत ठेवलेत. नुसता कागद दोन पावसाळ्यांत बुरसटतो. फाइल कुठल्या कपाटात आहे हे आईला आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय.