प्रकाशाने वाकणाऱ्या सिलिकॉन पट्टीचा चिकटपणा कसा गेला: माझा अनुभव

पुण्यात, पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत, कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळलेल्या सिलिकॉन रबराचा थर आम्ही पॉलिइमाइड या उष्णतारोधक प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर चढवतो. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश नलिका शोषतात, थर तापतो आणि सिलिकॉन दर अंशाला सुमारे ०.०३ टक्के, म्हणजे पॉलिइमाइडच्या दहापटीहून अधिक, प्रसरण पावत असल्याने पट्टी वाकते.

नुसत्या नलिकांच्या गुठळ्या होतात, म्हणून अमिनो सिलेनचा (पृष्ठभागाशी जोडले जाणारे, अमाइन गट असलेले सिलिकॉनयुक्त रसायन) लेप दिलेल्या नलिका घेतल्या. त्या उत्तम पसरल्या. मात्र ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवूनही थर बोटाला चिकटत राहिला. नलिकांविना ओतलेले सिलिकॉन त्याच ओव्हनमध्ये कोरडे, घट्ट निघाल्यामुळे रोख लेपावरच आला. हे सिलिकॉन प्लॅटिनम उत्प्रेरकामुळे पक्के होते आणि लेपातील अमाइन गटाचा नायट्रोजन त्या प्लॅटिनमला जखडून ठेवतो.

म्हणून आम्लाने ऑक्सिडीकृत केलेल्या नलिकांवर, थोडे पाणी घातलेल्या इथेनॉलमध्ये, व्हिनाइल सिलेनचा लेप दिला. व्हिनाइल गट सिलिकॉनच्या जोडणीत स्वतःच सहभागी होतो, त्यामुळे नलिका सिलिकॉनच्या रेणूंच्या जाळ्याशी बांधल्या जातात. माझ्या मते हा लाभ नुसत्या चिकटपणा जाण्याहून मोठा आहे. न जोडलेले सिलेन इथेनॉलने पुनःपुन्हा धुवून काढावे आणि पूड निर्वात ओव्हनमध्ये वाळवावी. पुण्याच्या पावसाळ्यात सिलेनची बाटली नायट्रोजन वायूच्या आवरणाखालीच उघडावी, कारण हवेतील ओलाव्यानेही ते खराब होते.

आता थर स्वच्छ पक्का होतो आणि पट्टी समान वाकते. थर पातळच ठेवावा, कारण जाड थरात प्रकाश वरच्या भागातच शोषला जातो.