सूझा आणि तैयब एकाच दालनात लावताना

फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि तैयब मेहता. दोघेही चित्रकार, दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, दोघेही ‘प्रोग्रेसिव्ह’ या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या वर्तुळातले, आणि दोघांच्याही कॅनव्हासवर यातना सोसणारं माणसाचं शरीर. सूझा ते जाड काळ्या रेषेत जखडतात. तैयब सपाट रंगाच्या तुकड्यांत ते चिरतात. जोडी उत्तम आहे, पण ती बिघडतेही सहज. सूझांचा आवाज मोठा. चित्रं एकाआड एक टांगली की शेजारचे तैयब शोभेच्या रंगीत कागदासारखे दिसू लागतात. पुढची सगळी मापं हा एक घोटाळा टाळण्यासाठी आहेत.

सुरुवात निवडीपासून. तैयब यांची १९६८ नंतरचीच चित्रं घेतली तर दोघांचं नातं दिसत नाही. त्या वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, अमेरिकी अमूर्त चित्रकार बार्नेट न्यूमन यांचं काम पाहिलं आणि सपाट रंगाकडे वळले. त्याआधीच्या लंडनच्या वर्षांत (१९५९ ते १९६४) त्यांचाही रंगलेप जाड होता, आणि सूझाही तेव्हा लंडनमध्येच होते. म्हणून तैयब यांची किमान दोन चित्रं त्या काळातली हवीत. ती सांध्यावर, म्हणजे भिंतीवर एका चित्रकाराची चित्रं संपून दुसऱ्याची सुरू होतात तिथे लावायची. ‘कर्ण’मालिका, म्हणजे तिरप्या पट्टीनं दुभंगलेली चित्रं, सांध्यापासून लांब.

किती चित्रं? भिंतीची एकूण लांबी मोजा आणि चित्रांच्या रुंदीची बेरीज तिच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. ३० मीटर भिंतीला तैयब यांची ६ (प्रत्येकी सुमारे १२० सेंमी रुंद) आणि सूझांची ९ (सरासरी ७५ सेंमी) पुरतात. बेरीज १४ मीटरच्या आत राहते. सूझांच्या चित्रांत ३५ ते ४० सेंमी अंतर चालतं, दाटी त्यांना मानवते. तैयब यांना १०० सेंमी द्या. एका चित्रकाराकडून दुसऱ्याकडे जाताना २ मीटर मोकळी भिंत. असे सांधे दोनच ठेवा, फार तर तीन. तैयब यांच्या समोर ४ ते ५ मीटर मागे सरकायला जागा हवी, आणि कर्णाचं टोक दाराच्या चौकटीकडे रोखलेलं नको. नजर चित्रातून घसरून थेट दाराबाहेर जाते.

हे सगळं आधी १:२० मापाच्या फोमबोर्डच्या प्रतिकृतीत करून पाहा. १२० सेंमीचं चित्र तिथे ६ सेंमीचं होतं. प्रत्यक्ष भिंतीवर चित्रं इकडून तिकडे हलवत बसलं की चौकटीचे कोपरे हमखास ठेचतात.

टांगणीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर धरा. फरशीवर विसंबू नका, जुन्या इमारतींत ती उतरती असते. पाण्याच्या लेव्हल पाइपनं खुणा करून ओळदोरी मारा. हुकची उंची अशी काढायची : मध्यरेषा, अधिक चित्राच्या उंचीचा निम्मा भाग, वजा ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं अंतर. १५० सेंमी उंच चित्राची तार १२ सेंमी खाली येत असेल तर १५० + ७५ − १२ = २१३ सेंमी. मोठ्या चित्रांना तार नकोच. दोन डी-रिंग थेट दोन हुकांवर घ्या, आणि प्रत्येक हुक एकट्यानं पूर्ण वजन पेलणारा असावा. गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडणारा भिंतीतला प्लग, विटेत जायला हवी. नुसत्या गिलाव्यात बसलेली गिट्टी हळूहळू सुटते.

सूझांच्या मुखचित्रांना हा नियम मोडा. ते डोळे कपाळात, जवळजवळ केसांपाशी रंगवतात. ७० सेंमीचं मुखचित्र १५० च्या मध्यावर लावलं तर डोळे १७० च्याही वर जातात आणि चेहरा आपल्या डोक्यावरून पाहत राहतो. मध्य १४० वर आणला की नजर भिडते, आणि ती भिडायलाच हवी.

प्रकाशात सर्वांत जास्त चुका होतात. तैलरंग आणि ॲक्रिलिकला १५० ते २०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), कागदावरच्या कामाला ५० लक्स. सूझांची शाईची रेखाटनं आणि मासिकांच्या छापील पानांवर रसायनांनी केलेली चित्रं वेगळ्या कोनाड्यात ठेवा, म्हणजे डोळ्यांना मंद प्रकाशाची सवय व्हायला वेळ मिळतो. दिवे सगळीकडे एकाच रंगतापमानाचे, ३००० केल्विन, रंगनिष्ठा (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, सीआरआय) ९० च्या वर. फरक ठेवायचा तो कोनात. तैयब यांच्या सपाट रंगावर प्रकाशाचा गोल डाग पडला की चित्रात नसलेली छटा दिसते. भिंत समान उजळणारे दिवे वापरा, लक्समीटरनं चार कोपरे आणि मध्य मोजा. तफावत पाचव्या हिश्शाहून जास्त असेल तर दिवा मागे सरकवा. तिरपा उजेड तर नकोच, तो कॅनव्हासची वीण आणि सैल ताण उघडा पाडतो.

सूझांच्या १९६४–६५ च्या काळ्यावर काळ्या चित्रांना मात्र तिरपाच उजेड लागतो. आकृती रंगात नाही, लेपाच्या उंचवट्यांवरच्या चमकेत आहे. समोरून दिवा टाकला की सगळं काळं फळकूट. एका बाजूनं, उंचावरून एक दिवा द्या आणि प्रेक्षकाला डावी-उजवीकडे चालायला २ मीटर मोकळे ठेवा. मागची भिंत मध्यम राखाडी करा. पांढऱ्याफटक भिंतीवर डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि काळ्यातलं काही वाचता येत नाही. साधी काच लावली तर तिचा आरसा होतो. त्यापेक्षा काच काढून ६० सेंमीवर दोरी बांधलेली बरी.

सूझांनी हार्डबोर्डवर पुष्कळ काम केलं. ब्रिटनच्या टेट संग्रहालयातलं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ १८३ बाय १२२ सेंमीचा असाच बोर्ड आहे. दमट हवेत बोर्ड वाकतो आणि जाड लेपाला तडे जातात. आर्द्रता ५० ते ५५ टक्के राखा. खरं नुकसान चढउतारानं होतं, त्यामुळे रात्री एसी बंद करण्याची काटकसर पावसाळ्यात महागात पडते. पेटी दालनात आली की २४ तास बंदच ठेवा. उघडल्यावर बॅटरीच्या तिरप्या झोतात पृष्ठभाग तपासा, फोटो काढा, मगच हात लावा, तोही नायट्राइल हातमोज्यांनी. सुती मोजे निसटतात, त्यांचे धागे लेपात अडकतात. तैयब यांच्या मॅट रंगावर उघड्या बोटाचा तेलकट ठसा पडला तर तो निस्तरायला संवर्धकच लागतो.

मजकूर शेवटी. भिंतीवर ८० ते १०० शब्द, २४ पॉइंटच्या खाली नको; नामपट्टी उजवीकडे, १२० सेंमीवर. फाळणीच्या दंगलीत तैयब यांनी मुंबईत एका तरुणाची हत्या पाहिली होती, सूझांचं बालपण गोव्यातल्या कॅथलिक वातावरणात गेलं. हे सांगा, पण प्रवेशाच्या फलकावर नको, सांध्यावरच्या चित्रांजवळ सांगा. दारातच कारण कळलं की लोक प्रत्येक चित्रात तेच शोधत फिरतात. शिडी आवरण्याआधी संध्याकाळी एकदा दारात उभे राहा. पहिली नजर काळ्या रेषेवरच खिळत असेल, तर दारातून समोर दिसणारं सूझांचं चित्र काढून तिथे तैयब लावा.