लाल लिपस्टिकसोबत ब्लश लावताना या चुका टाळा

लग्नसराईत बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत काउंटरवर ‘लाल दाखवा’ म्हटलं की समोर आठ-दहा लाल मांडले जातात आणि हातावर ओढून बघताना सगळे सारखेच वाटतात. घरी आल्यावर मात्र एक लाल चेहरा उजळवतो, तर दुसरा थकवा दाखवतो. बहुतेक वेळा दोष लिपस्टिकचा नसतो. लाल कुठल्या बाजूला झुकतो हे न बघताच हाताला येईल तो गुलाबी गालावर फिरवला जातो आणि तिथंच बिनसतं.

लाल एकच समजणं

शेंदूर, कुंकू, डाळिंबाचे दाणे आणि ब्याडगी मिरची शेजारी ठेवून बघा. चारही लालच. पण शेंदूर केशरीकडे जातो, डाळिंब निळसर गुलाबीकडे, वाळलेली ब्याडगी तपकिरीकडे, आणि नेहमीचं लाल कुंकू साधारण मधे राहतं. लिपस्टिकचे लालही याच चार घरांत बसतात. आपला कुठल्या घरातला हे ओळखायला पांढऱ्या कागदावर एक रेघ ओढा, बोटाने ती अगदी पातळ होईपर्यंत पसरवा आणि खिडकीजवळच्या उजेडात बघा. जाड थरात सगळे लाल फसवतात, पातळ झाला की मूळ कल उघडा पडतो. कडेला गुलाबी झाक आली तर डाळिंबी, नारिंगी आली तर शेंदरी, विटकरी आली तर मिरचीचा.

ब्लश त्याच घरातला घ्यायचा. डाळिंबी लालाला गुलाबाच्या पाकळीचा किंवा बेरी रंग. शेंदरी लालाला पीच, कोरल. विटकरी लालाला टेराकोटा किंवा तपकिरी झाक असलेला पीच. मरून असेल तर मंद जांभळट गुलाबी. शेंदरी ओठांसोबत थंड, म्हणजे निळसर झाक असलेले गुलाबी गाल आले की दोन रंग एकमेकांशी भांडतात. गाल थंडीने लाल झाल्यासारखे आणि ओठ वेगळ्याच चेहऱ्यावरचे वाटतात. कुंकवासारखा मधला लाल मात्र उदार आहे, त्याच्याबरोबर मंद रोझ-पीच बहुतेकींना चालून जातो. एकच लाल घ्यायचा असेल तर तोच घ्या.

दातांचंही लक्षात ठेवा. शेंदरी लालाजवळ दात पिवळसर दिसतात, डाळिंबीजवळ पांढरे.

सावळ्या रंगाला फिका बेबी पिंक

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचा दोष त्वचेवर टाकला जातो, हे जास्त वाईट. फिक्या ब्लशमध्ये रंग कमी आणि पांढरं पिगमेंट भरपूर असतं. गव्हाळ किंवा सावळ्या गालावर ते पिगमेंट राखेसारखं उठून दिसतं. मग ‘चढत नाही’ म्हणून अजून एक हात फिरवला जातो आणि राख दुप्पट होते. सावळ्या त्वचेला डबीत बघताना भीती वाटेल इतका गडद ब्लश लागतो: गडद बेरी, वीट, गंजासारखा नारिंगी. डबीतला रंग गडद हवा, गालावरचा थर पातळ हवा. यात अजिबात तडजोड करू नका.

आधी ब्लश, शेवटी लिपस्टिक

एरवी हा क्रम ठीक. लाल लिपस्टिकच्या वेळी तो उलटा करा. ओठ कोरे असताना गालावर जेवढा रंग बरोबर वाटतो, तोच लाल चढल्यावर भडक होतो. म्हणून फाउंडेशन, कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम), मग लिपस्टिक, आणि आरशापासून दोन पावलं मागे जाऊन मग ब्लश.

ब्रश डबीत एकदाच टेकवा आणि कडेवर दोनदा झटका. ब्रश पहिल्यांदा जिथं टेकतो तिथं सगळ्यात जास्त रंग बसतो, म्हणून सुरुवात डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, गालाच्या हाडावर करा आणि तिथून कानाकडे वर न्या. उरलेला रंग आत आणा. नाकापासून दोन बोटं अंतर सोडा आणि नाकाच्या शेंड्याच्या रेषेखाली उतरू नका. हसून वर आलेल्या गालावर ब्लश लावायची सवय बऱ्याच जणींना असते. हसू गेलं की तो गाल खाली येतो आणि रंगही ओघळल्यासारखा दिसतो.

क्रीम ब्लश पावडरच्या आधी, पावडर ब्लश पावडरच्या नंतर. लूज पावडर मारलेल्या गालावर क्रीम ओढलं की गोळे होणारच. खानापूरकडच्या पावसाळी, दमट हवेत क्रीमचा पातळ थर आणि वरून त्याच रंगाची चिमूटभर पावडर हे जास्त वेळ टिकतं. अथणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कातडी आधीच ओढल्यासारखी होते, तिथं क्रीम एकटंच बरं.

लिपस्टिकच गालाला लावायची असेल तर साधी क्रीमची कांडी घ्या. हाताच्या पाठीवर एक ठिपका, त्यात मसुराएवढं मॉइश्चरायझर, आणि बोटाने थापटून लावा. लिक्विड मॅट, म्हणजे लावल्यावर वाळून घट्ट बसणारी पातळ लिपस्टिक, वापरू नका, पसरवायच्या आत ती वाळते आणि डाग तिथंच धरतो. डोळ्यांवर तर लिपस्टिक अजिबात नको, ओठांसाठीचे सगळे रंग डोळ्याजवळ चालणारे नसतात.

लाल ओठ, पण खालची जमीन कच्ची

लाल रंग चेहऱ्यातला प्रत्येक लालसरपणा आणि काळेपणा मोठा करून दाखवतो. नाकाच्या कडा, ओठांभोवतीचा काळसरपणा, डोळ्यांखालची वर्तुळं. काळसर भागावर थेट उजळ कन्सीलर लावलं की तो करडा दिसतो. आधी नारिंगी किंवा पीच करेक्टरचा (काळसरपणा मोडणाऱ्या रंगीत क्रीमचा) पुसट थर, मग त्वचेच्याच रंगाचं कन्सीलर. फाउंडेशन एक शेड गोरं घेण्याचा मोह टाळा. लाल ओठांशेजारी मानेचा फरक लगेच उघडा पडतो. जबड्याच्या कडेवर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, काही फाउंडेशन हवेने गडद होतात.

ओठच काळसर असतील तर लाल त्यावर मरून दिसतो. फाउंडेशनचा अगदी पातळ हात ओठांवर दिला की डबीतला लाल जसाच्या तसा येतो. लिप लायनर त्याच लालाचा, मरून नको. डोळ्यांना मंद तपकिरी किंवा फिकं सोनेरी आणि बारीक लायनर पुरे.

साडीच्या पदराशी लिपस्टिक जुळवणं

इरकलीचा लाल पदर, खणाचे काठ, हिरवा चुडा, वर कुंकू. एवढं सगळं असताना लिपस्टिक पदराला तंतोतंत जुळवायला गेलं की दुकानातली ट्यूबलाइट दगा देते. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली तोच लाल नारिंगीकडे सरकतो. कुंकू किंवा टिकली चेहऱ्यावरच, पदरापेक्षा ओठांच्या जवळ असते, म्हणून लिपस्टिकचा कल तिच्याशी जुळवा. पदर थोडा वेगळा असला तरी खटकत नाही.

व्हिडिओ लाइट गालावरचा रंग फिका पाडतो, त्यामुळे स्टेजवर बसणारीने ब्लशचा अर्धा हात जास्त द्यावा. आणि फ्लॅश असेल तर पांढरी लूज पावडर डोळ्यांखाली जाड ठेवू नका, फोटोत पांढरे चट्टे येतात.

बिघडलं तर

ब्लश जास्त झाला? ओल्या वाइपने घासू नका, खालचं फाउंडेशन निघून येतं. फाउंडेशन लावलेला पफ, नवीन फाउंडेशन न घेता, गालावर दाबत न्या. तरी भडक वाटला तर फक्त कडांवर थोडी पावडर.

नथीचं वेगळं सांगायला हवं. नथीचे मोती वरच्या ओठाला टेकतात, लाल घेतात आणि हललं की ओठाच्या वर रेघ ओढतात. म्हणून लिपस्टिकचा एक पातळ थर, टिशूने दाबणं, टिशूची एकच पाकळी ओठांवर ठेवून त्यावरून पावडर, पुन्हा पातळ थर, पुन्हा दाबणं, आणि नथ सगळ्यात शेवटी. पंगतीत तेलकट जेवण झाल्यावर लिक्विड मॅट ओठांच्या आतल्या बाजूने तुटते. त्यावरच नवा थर दिला तर पोपडे येतात, आधी आतलं पुसून घ्या. ओठाच्या वर रेघ आलीच तर इअरबडला खोबरेल तेलाचा एक थेंब लावून ती उचला, कोरड्या टोकाने तेल पूर्ण टिपा आणि मगच कन्सीलर. तेल राहिलं तर कन्सीलर पाच मिनिटांत घसरतं.